खाद्यमहोत्सवाला उपाशी जाऊ नका

प्रश्न : नमस्कार. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे दर शनिवार-रविवारी कुठला ना कुठला खाद्यमहोत्सव असतो, आणि आमचं घर पडलं खवय्यांचं. मी, नवरा, ११ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांचे सासरे. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, गोळ्या चालू आहेत. संध्याकाळी भरपूर खायचंय म्हणून त्या दिवशी आम्ही दुपारी कुणीच जेवत नाही, आणि मग तिथे समोर येईल त्यावर तुटून पडतो. महिन्याभरात दोनदा मुलाचं पोट बिघडलं. तळलेलं खाल्ल्यामुळेच, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. म्हणून आता मी त्याला तिथे फक्त कापलेली फळं आणि ज्यूस घेऊन देते. आठवडाभर घरी तरी हलकं करावं म्हणते, पण उकाड्यात गॅससमोर उभं राहवत नाही. कोशिंबिरीला पाणी सुटतं, तळण केलं तर तेल पिऊन बसतं, आणि शेवटी रात्री सकाळच्याच भातावर भागवतो. महोत्सवाला जाणं बंदच करावं का?

उत्तर : ताई, महोत्सव चालू ठेवा आणि दुपारचं जेवणही चालू करा. तुमच्या पत्रातली सगळ्यात खटकणारी गोष्ट ती उपाशी जाण्याची आहे. मुलाला तळलेल्याऐवजी कापलेली फळं देण्याचा निर्णय मायेपोटी घेतलाय हे समजतं, पण पोटाच्या दृष्टीने तो उलटा पडण्याची शक्यता जास्त. ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी उपाशीपणाचं. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. सकाळपासून उपाशी असलेला माणूस तेवढ्यात तीन स्टॉल करून मोकळा होतो. त्यात उन्हातून आल्यामुळे घसा कोरडा, म्हणून पहिला मुक्काम सरबताच्या स्टॉलवर. तिथेच दिवसभराची साखर पोटात जाते, आणि खाणं तर अजून सुरूही झालेलं नसतं.

सासऱ्यांच्या बाबतीत मामला याहून गंभीर आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन हे पोटात अन्न असो-नसो, रक्तातली साखर खाली आणतातच. गोळी घेतली, जेवण टाळलं, वर उन्हात चालणं झालं, तर साखर एकदम घसरू शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, चक्कर, बोलताना गोंधळ उडणं ही त्याची लक्षणं. गर्दीत आणि उकाड्यात घरचे लोक 'ऊन लागलं असेल' म्हणतात आणि सावलीत बसवून साधं पाणी देतात. त्याने साखर वर येत नाही. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर ३ चहाचे चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून लगेच द्या. १५ मिनिटांनी साखर मोजा, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. ती सावरली की काहीतरी खायला घाला. गुंगी असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. साखरेची पुडी आणि मोजायचं यंत्र त्यांच्या पिशवीत कायम असू द्या. त्यांच्या गोळ्यांपैकी कोणती गोळी साखर अशी खाली आणते हे डॉक्टरांना एकदा विचारून पाकिटावर पेनाने खूण करून ठेवा. ती गोळी आणि उपास एकत्र नको.

निघण्याआधी दीड-दोन तास सगळ्यांनी बेताचं जेवावं. वाटीभर घट्ट डाळ किंवा शिजवलेलं कडधान्य, वाटीभर दही, एक पोळी, दोन-चार काकडीच्या चकत्या. प्रथिनं आणि चोथा पोटात असला की भूक राहते, पण हावरेपणा राहत नाही. निघताना प्रत्येकी दोन पेले साधं पाणी प्या आणि माणशी एक बाटली बरोबर घ्या. सासऱ्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर अर्थात डॉक्टरांनी दिलेलाच हिशोब पाळायचा.

आता मुलाच्या पोटाकडे येऊ. पौष्टिक असणं आणि निर्धोक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि महोत्सवात त्यांची हमखास गल्लत होते. १७० ते १८० अंश सेल्सिअसच्या तेलातून तुमच्या डोळ्यांदेखत काढून, वाफ जायच्या आत हातात पडलेला पदार्थ जंतूंच्या बाबतीत तिथल्या सगळ्यात सुरक्षित पदार्थांपैकी असतो. त्यात तेल जास्त आहे, तो रोज खाऊ नये, हे सगळं खरं. पण दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले तर पहिला संशय त्याच्यावर घेण्याचं कारण नाही. संशय घ्यायचा तो गार आणि कोमट गोष्टींवर.

फळांची प्लेट बघा. कलिंगड-खरबुजाच्या सालीवर माती असते, तिच्यात सालमोनेलासारखे जंतू असू शकतात. न धुता कापलं की सुरी त्यांना सालीवरून गरात नेते. या फळांत आंबटपणा जवळजवळ नाही आणि पाणी ९० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे उन्हात ठेवलेल्या फोडींवर जंतू झपाट्याने वाढतात. अन्नासाठी ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा मानतात. या पट्ट्यात नाशवंत पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. सकाळी कापून चार वाजता विकल्या जाणाऱ्या फोडींचा हिशोब तुम्हीच करा. वर बर्फाचा चुरा पसरलेला दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण गोठल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. बर्फ ज्या पाण्याचा, तेवढाच तो स्वच्छ. वितळलेलं पाणी मग फोडींवरच साचतं.

मुलाला फळ द्यायचंच असेल तर केळं किंवा संत्रं द्या, सोलून लगेच खायचं. नाहीतर घरून कापून, घट्ट झाकणाच्या डब्यात, गार पिशवीत न्या.

फळांनंतर नंबर गार चटण्या आणि सॉसचा. मोठ्या पातेल्यात सकाळी केलेली, दिवसभर उघडी, एकच चमचा सगळ्यांचा. कच्च्या अंड्याचं मेयोनेज उन्हात असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका. आणि वरून भुरभुरलेला कच्चा कांदा-कोथिंबीर. खालचा पदार्थ कितीही कडकडीत असो, वरची मूठ ज्या हाताने टाकली त्याच हाताने सुट्टे पैसे परत दिले का, हे पाहा. हातमोजे दिसले म्हणून भुलू नका. हातमोज्याने नोटा मोजल्या की तो हातमोजाही हाताइतकाच मळका.

गरम पदार्थांतही एक फसवणूक असते. सकाळीच अर्धकच्चे तळून ढीग लावून ठेवलेले तुकडे गिऱ्हाईक आलं की तव्यावर नुसते फिरवून देतात. बाहेरून चटका, आतून कोमट. पहिला घास तोडून मधोमध बोट लावून पाहा. मधून वाफ यायलाच हवी. येत नसेल तर परत तळून मागा, त्यात संकोच कसला?

मुलाचं पोट नेमकं कधी बिघडलं हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरा सुगावा तिथेच असतो. खाल्ल्यावर १ ते ६ तासांत मुख्यतः उलट्या झाल्या तर बहुधा जंतूंनी अन्नात आधीच सोडलेलं विष पोटात गेलं, म्हणजे कुठलंतरी अन्न बराच वेळ कोमट पडून होतं. जुलाब आणि ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आला तर जंतूच पोटात जाऊन वाढले. सालमोनेलाला ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. रविवारी रात्री त्रास झाला म्हणून रविवारचाच पदार्थ दोषी ठरत नाही. तो शुक्रवारी रात्री खाल्लेला एखादा पदार्थही असू शकतो. पुढच्या वेळी असं काही झालं (न होवो!) तर मागच्या तीन दिवसांत काय खाल्लं ते लिहून काढा. घरात दोघांना त्रास झाला असेल तर दोघांच्या ताटात काय समान होतं ते आधी शोधा.

पोट बिघडल्यावर ज्यूस देऊ नका. त्यातली जास्तीची साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. औषधाच्या दुकानातली जलसंजीवनीची (ओआरएसची) पुडी सगळ्यात चांगली; पुडीवर लिहिलंय तितक्याच पाण्यात, अख्खी. पुडी हाताशी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा ५ मिलिलिटरचा धरायचा, शीग नाही. चवीसाठी साखर वाढवली की पुन्हा तोच घोळ, आणि मीठ वाढलं तर त्याहून वाईट. घोट घोट द्या; उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. शौचातून रक्त, जोराचा ताप, पाण्याचा घोटही न टिकणं, सहा-आठ तास लघवी न होणं किंवा मूल मलूल पडणं, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरकडे न्या. सासऱ्यांना जुलाब-उलट्या झाल्या तर इतकी वाट बघू नका, त्यांच्या गोळ्या त्या दिवसापुरत्या बदलाव्या लागू शकतात.

ज्यूसचा विषय निघालाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मुक्त साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, ५ टक्क्यांखाली आणली तर आणखी चांगलं. २००० कॅलरींचा आहार धरला तर हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम, म्हणजे साधारण १२ आणि ६ चमचे. मुलाचा आहार याहून कमी, म्हणून त्याची मर्यादाही कमी. या मोजणीत वरून घातलेली साखर येते, मध येतो आणि फळांचा रसही येतो, अख्खं फळ मात्र येत नाही. संत्र्याच्या ३०० मिलिलिटर रसात वरून काही न घालताही २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. तेवढ्या रसाला चार-एक संत्री लागतात, आणि चार संत्री एका बैठकीत सोलून खाणारं मूल विरळा. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते.

गार पेयांत साखर जास्त का लागते, त्याला कारण आहे. जिभेला गार पदार्थाची गोडी कमी जाणवते. वितळलेलं आइस्क्रीम एकदम गोडमिट्ट लागतं ते त्यामुळेच. साखर तेवढीच असते. म्हणजे बर्फ घातलेलं सरबत गोड लागावं म्हणून करणाऱ्याला हात सैल सोडावाच लागतो. तुम्ही 'बर्फ नको, साखर निम्मी' सांगितलं की चव फारशी कमी होत नाही, वर बर्फाच्या पाण्याची भानगडही मिटते. चौघांत मिळून दोन पेले पुरेत. तहान पाण्याने भागवा, सरबत चवीसाठी घ्या. सासऱ्यांनी गोड पेय पूर्ण टाळून एखाद्या गोड पदार्थाचे दोन-तीन घास खाल्लेले बरे. पेयातली साखर रक्तात फार वेगाने चढते आणि त्या बदल्यात पोट काही भरत नाही.

खाण्याच्या निवडीबद्दल आम्ही फार नियम घालणार नाही, महोत्सवाला हिशोबाची वही घेऊन कुणी जात नाही. आधी काही न घेता सगळ्या स्टॉलवरून एक फेरी मारा. मग घरी कधीच होणार नाहीत असे पदार्थ निवडा. घरीही होतात त्यांच्यावर भूक कशाला घालवायची? एकेक प्लेट घेऊन चौघांत वाटा. एक तळलेला, दोन भाजलेले किंवा वाफवलेले, एक गोड, असं पडलं तर उत्तम. दोन पदार्थांच्या मधे दहा मिनिटं चाला. जेवणानंतरच्या १०-१५ मिनिटांच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते, तेव्हा सासऱ्यांनाही हळूहळू बरोबर घ्या, फक्त ऊन उतरल्यावर.

त्यांच्या रक्तदाबासाठी मिठावर लक्ष ठेवा. दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चमचाही पूर्ण नाही, ही सर्वसाधारण मर्यादा. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं. दोन चमचे ओतले की दिवसाचा बराचसा कोटा संपला. त्यामुळे त्यांच्या प्लेटमध्ये सॉस, लोणचं आणि वरून मारलेला मसाला नको. लिंबू हवं तेवढं पिळा. 'कमी सोडियमचं मीठ' आणायचा मोह झाला तर थांबा. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंड अशक्त असेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता घरचा स्वयंपाक. उकाड्यात गॅससमोरचा वेळ कमी करायचा तर शिजवणं सकाळी सातच्या आत उरका आणि दिवसभर नुसती जुळवाजुळव करा. छोल्यांनी सुरुवात करा. एक वाटी कोरडे छोले शिजून अडीच-तीन वाट्या होतात. आठ तास भिजवा, पण उन्हाळ्यात ओट्यावर भिजवू नका. पाण्याला फेस येऊन आंबूस वास मारू लागतो. भिजवलेलं पातेलं फ्रिजमध्ये ठेवा. कुकरला ४-५ शिट्ट्या, मग १५ मिनिटं मंद आच. निथळून, गार करून डब्यात भरले की फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात. १०० ग्रॅम शिजलेल्या छोल्यांत ९ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि सात-आठ ग्रॅम चोथा. काकडी, टोमॅटो, लिंबू, भाजलेलं जिरं घातलं की सॅलड, वाटले की पोळीवर लावायला. राजम्याला मात्र वेगळी शिस्त आहे. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं आणि ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळायचंच. अर्धकच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने जोरदार उलट्या होतात, आणि नुसत्या कोमट आचेवर तासन्‌तास ठेवल्याने ते मोडत नाही.

मेयोनेजच्या जागी चक्का वापरा. अर्धा किलो दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली भांडं, आणि तीन-चार तास फ्रिजमध्ये. नळाला टांगून ठेवलेलं दही या दिवसांत आंबट होतं आणि मग ते झाकायला साखर पडते. २०० ते २५० ग्रॅम चक्का मिळेल. त्यात पाव चमचा मीठ, एक ठेचलेली लसूण पाकळी, मिरपूड, बारीक चिरलेला पुदिना. चौघांना दोन दिवस पुरतो.

कोशिंबिरीला पाणी सुटतं ते मिठामुळे. काकडीच्या पेशींतलं पाणी मीठ बाहेर ओढतं. ते थांबवता येत नाही, आधीच काढून टाकता येतं. दोन मध्यम काकड्या मधोमध उभ्या चिरून बियांचा बुळबुळीत भाग चमच्याने काढा, बारीक चिरा, पाव चमचा मीठ लावून १५ मिनिटं चाळणीत ठेवा, मग मुठीत धरून पिळा. दोन-तीन मोठे चमचे पाणी निघेल, ते कणीक मळायला घ्या. मग घट्ट दही आणि शेवटी दाण्याचं कूट, अगदी वाढायच्या वेळी. आता पुन्हा मीठ घालायचं नाही. तेच मीठ पुरतं, आणि इथेच बहुतेकांचा हात सवयीने पुन्हा बरणीकडे जातो.

तळण तेल पिऊन बसतं त्याची कारणं तीन-चार आहेत. तेल पुरेसं तापलेलं नसतं, हे पहिलं. पदार्थ तेलात पडला की आतल्या पाण्याची वाफ जोराने बाहेर येते आणि तीच तेलाला आत शिरू देत नाही. तेल थंड असेल तर वाफेचा जोर नसतो. पिठाचा एक थेंब टाकून पाहा. तो बुडून दोन-तीन सेकंदांत वर यायला हवा. तळाशीच बसला तर थांबा, पडताक्षणी काळवंडला तर आच कमी करा. दुसरं कारण गर्दी. कढईचा निम्मा पृष्ठभाग मोकळा राहील एवढेच तुकडे टाका, नाहीतर तेलाचं तापमान धाडकन खाली येतं. तिसरं, पिठात सोडा जास्त पडणं. जाळी छान पडते, आणि ती तेलाने भरते.

चौथं कारण फारसं कुणी सांगत नाही. बरंचसं तेल पदार्थ कढईत असताना शिरतच नाही, बाहेर काढल्यावर शिरतं. पदार्थ निवू लागला की आतली वाफ आकसते आणि बाहेर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर घेतल्या घेतल्या, कढईच्या वरच, १०-१५ सेकंद नीट झटका. मग कागदावर ढीग न लावता जाळीवर सुटे पसरा. ढिगात वाफ कोंडते, कुरकुरीतपणा जातो आणि खालचे तुकडे वरच्यांच्या तेलात बसतात. बटाट्याचे काप असतील तर चिरून दोन पाण्यांतून धुवा, वरचा पिठूळपणा जाऊ द्या, आणि फडक्यावर पूर्ण कोरडे करा. काप पातळ तेवढं तेल जास्त, तेव्हा बोटाएवढे जाड ठेवा.

किती तेल पोटात गेलं हे घरी मोजता येतं. तळणाआधी तेल मोजून कढईत घाला, निवल्यावर गाळून पुन्हा मोजा. ४ मोठे चमचे कमी भरले तर चौघांना माणशी एक मोठा चमचा, म्हणजे जवळपास १२० कॅलरी. आठवड्यातून एकदा एवढं घरात झालं तर आमची हरकत नाही. उरलेलं तेल गाळून एखाद्या वेळी फोडणीला संपवा. फेस धरणारं, काळपट, लवकर धुरकटणारं तेल टाकून द्या. त्यात ताजं तेल मिसळून ते सुधारत नाही.

आणि आता तो सकाळचा भात. तुमच्या पत्रातला खरा धोका आम्हाला महोत्सवात दिसत नाही, इथे दिसतो. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजताना ते मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. फोडणी दिली, खरपूस परतलं, तरी नाही. वास आणि चवही बऱ्याचदा बदलत नाही, त्यामुळे 'वास तर चांगला आहे' या कसोटीला अर्थ नाही.

उरणार हे माहीत असेल तर कुकर उघडल्यावर वाढण्यापुरता भात काढा आणि बाकीचा लगेच परातीत बोटभर जाडीचा पसरा. १५-२० मिनिटांत वाफ जाते. तो उथळ डब्यात भरून तासाभराच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. कुकरच्या डब्यातच झाकून ठेवलेला भात मधोमध कित्येक तास कोमट राहतो, फ्रिजमध्ये ठेवला तरी. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. एकदाच, सगळीकडून वाफ येईपर्यंत गरम करा आणि उरला तर पुन्हा ठेवू नका. एवढं जमत नसेल तर रात्री वाटीभर तांदूळ ताजे लावा, गॅससमोर उभं राहावं लागतं ते पाच मिनिटं.

मुलाला गारेगार काहीतरी हवं असतं, त्याची सोय घरी होते. तीन पिकलेली केळी चकत्या करून, ताटात एकमेकांना न चिकटतील अशी पसरून, पाच-सहा तास गोठवा. मिक्सरमध्ये चार मोठे चमचे चक्का घालून थांबत थांबत फिरवा. आधी वाळूसारखा भुगा होतो आणि वाटतं की बिघडलं. तसंच फिरवत राहा, मिनिटाभरात ते आइस्क्रीमसारखं मऊ येतं. साखर लागत नाही, केळी डागाळण्याइतकी पिकलेली हवीत. नुसता पातळ रस साच्यात गोठवला तर दगड होतो, कारण बर्फ मऊ ठेवण्याचं काम साखर करते आणि रसात ती त्या मानाने कमी असते. रसाऐवजी गर घ्या. सासऱ्यांना यातली अर्धी वाटी, जेवणानंतर लगेच नको, मधल्या वेळी.

महोत्सवाहून परतल्यावर रात्रीचा वेगळा स्वयंपाक करू नका, सात-आठला झालेलं खाणं हेच त्या दिवसाचं जेवण. सासऱ्यांची रात्रीची गोळी जेवणाबरोबर घ्यायची असेल तर तेवढी बरोबर न्या आणि तिथेच, खाताना द्या. आणि 'उद्या खाऊ' म्हणून बांधून घेतलेलं पार्सल गर्दीतून, गाडीतून, तासाभराहून जास्त फिरलं असेल तर ते फ्रिजमध्ये ठेवू नका, कितीही महाग पडलेलं असो.